सरत्या वर्षाचे आभार मानायला बसले, पण शब्दच येईनात

माडाची_सावली | १ जानेवारी २०२५, सकाळी ९:१०

काल रात्री आमच्या चर्चमध्ये वर्षअखेरीची मिस्सा झाली. प्रवचन संपल्यावर फादर म्हणाले, दोन मिनिटं शांत बसा आणि सरत्या वर्षाबद्दल देवाचे आभार माना. आजूबाजूला सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मीही घातली. दोन मिनिटं संपली, लोक गायला उठले, आणि माझ्या तोंडून आभाराचा एक शब्दही निघाला नव्हता.

मी मूळची वसईची. लग्न होऊन गोव्यात, सासष्टीतल्या राय गावात आले त्याला १९ वर्षं झाली. सासूला मी इथल्या रीतीप्रमाणे मांय म्हणायचे. मांयचा जन्म १९४१चा, पण आपलं वय ती वर्षांत कधी सांगायची नाही. ती सायबाच्या दर्शनांत मोजायची. गोंयचो सायब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. त्याचं शव दर्शनाला खाली आणतात ते साधारण दर दहा वर्षांनी. मांयचं पहिलं दर्शन १९५२ साली, वडिलांचा हात धरून. मग ६४, ७४, ८४, ९४, २००४, २०१४. "म्हजीं सात जालीं," म्हणायची. आठवं २१ नोव्हेंबर २०२४ला सुरू व्हायचं होतं. त्यासाठी नवी चप्पल आणून ठेवली होती. मांय १० नोव्हेंबरला गेली.

अकरा दिवस. एवढंच थांबायचं होतं.

स्वयंपाकघरात तिचं तारखेचं पान फाडायचं कॅलेंडर आहे. रात्री तेर्स (जपमाळेची प्रार्थना) झाला की ती उठायची, त्या दिवसाचं पान फाडायची, "देव बरें करूं" म्हणायची आणि पानाच्या पाठीवर पोदेराचा (पाववाल्याचा) हिशेब लिहायची. १४ ऑक्टोबरला तिला इस्पितळात नेलं. तेव्हापासून ते पान तिथंच आहे. कुणाचाच हात होत नाही.

श्रद्धा गेलेली नाही, हे आधीच सांगते. पण वर्षाचे आभार मानायचे म्हणजे या वर्षात जे झालं ते बरं झालं, असं म्हणायचं का? तुम्ही अशा वर्षी काय केलंत?

रानजाई | १ जानेवारी, ९:३२

मांयला शांती लाभो. चपलेपाशी थांबले. पुढचं परत येऊन वाचते.

बार्देशी_बाय | १ जानेवारी, १०:०५

ताई, आधी तुम्हाला धीर मिळो.

माझा नवरा गेला त्या वर्षी मला एका सिस्टरनी थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रातलं वचन दाखवलं होतं. 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.' मी चिडले. त्या म्हणाल्या, नीट वाच, 'सर्व स्थितीबद्दल' लिहिलेलं नाही, 'सर्व स्थितीत' लिहिलंय. म्हणजे दुःखाबद्दल आभार नव्हेत. दुःखात बसलेली असताना जे हाताला लागेल त्याबद्दल. मला त्या दिवशी हाताला लागली होती शेजारणीनं आणलेली पेज. पेजेबद्दल आभार मानले आणि झोपले. त्याहून जास्त जमलं नाही, आणि देवानं जास्त मागितलंही नाही.

शंकासूर | १ जानेवारी, ११:२०

धागालेखिकेच्या दुःखाचा पूर्ण आदर ठेवून लिहितो. मी देव मानत नाही.

मला प्रश्नाचा पायाच पटत नाही. सत्तावीस दिवस इस्पितळात रात्रपाळी कुणी केली? नर्सनी. डबे कुणी पोचवले? तुमच्या माणसांनी. त्यांचे आभार माना, आणि ते तुम्ही मानलेही असतील. मग वर आणखी कुणाचे मानायचे राहिलेत म्हणून मन खात बसायचं कशाला? शब्द आले नाहीत, कारण तुम्ही खोटं बोलणाऱ्या नाही आहात. मला त्यात कमीपणा दिसत नाही.

फोंडेकर | १ जानेवारी, १२:१५

शंकासुरांचं म्हणणं बरोबर असलं तरी अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं मांयच्याच तोंडी होतं.

'देव बरें करूं' हे आम्ही गोव्यातले हिंदूसुद्धा म्हणतो. लहानपणी मला वाटायचं, याचा अर्थ धन्यवाद. तसा तो नाही. यातलं 'करूं' म्हणजे मराठीतलं 'करो'. देव तुझं भलं करो. म्हणजे बोलणं चाललंय समोरच्या माणसाशी. तू माझ्यासाठी जे केलंस ते माझ्याच्यानं फिटणार नाही, म्हणून ते फेडायचं काम मी देवाकडे सोपवतो. मराठीत 'आभार' म्हटलं की त्या शब्दातच भार आला, तो आपल्या डोक्यावर राहतो. कोंकणीत तो खाली उतरवून ठेवता येतो.

ताई, मांय पान फाडून 'देव बरें करूं' म्हणायची ते कुणाला म्हणायची, याचा विचार करा. देवालाच देव बरें करूं कसं म्हणणार? मला वाटतं ती त्या दिवसाला म्हणत असावी. त्या दिवशी भेटलेल्या माणसांना.

अवांतर: आमच्याकडे चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नवें असतं. शेतातली भाताची कोवळी कणसं आणून देवापाशी आणि दारावर लावतात. तुमच्या रायला ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त (सण) होतं ते हेच. पीक अजून उभं असतं, पाऊस कधीही आडवं करील, तरी पहिलं कणीस आधी देऊन टाकायचं. मळणी झाल्यावर हिशेब करून दिलं असतं तर ते खंडणीसारखं झालं असतं.

माडाची_सावली | १ जानेवारी, १२:५८

@फोंडेकर, वाचता वाचता उठून बघून आले. मांयनं ऑगस्टमध्ये आणलेलं कणीस आमच्या आल्तारावर (घरच्या देव्हाऱ्यावर) खुर्साच्या, म्हणजे क्रुसाच्या, मागे अजून खोचलेलं आहे. वाळून पिवळं झालंय, चार-पाच दाणे खाली सांडलेत. इतके दिवस मी तिथं मेणबत्ती लावतेय आणि ते दिसलंच नव्हतं.

दर्यासारंग | १ जानेवारी, १६:४०

मी तारवटी. गेली २२ वर्षं बोटीवर, आत्ताही बोटीवरूनच लिहितोय. आमच्याकडे आज अजून ३१ तारीखच आहे.

एका वर्षी पॅसिफिकमधून पश्चिमेकडे निघालो होतो. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की एक दिवस गळतो. रात्री झोपलो तेव्हा मंगळवार होता, उठलो तर गुरुवार. त्या गळलेल्या बुधवारी माझ्या बापायचा वाढदिवस होता. मी फोन करायचा ठरवून झोपलो होतो! घरी गोव्यात बुधवार होता, त्यांनी केक कापला, माझी वाट बघितली. माझ्या आयुष्यात तो बुधवार आलाच नाही. पुढच्या वाढदिवसाला बापाय नव्हते.

आता बोटीवर दिवस कितीही कंटाळवाणा गेला, इंजिनरूममध्ये १२ तास घामात गेले, तरी रात्री बंकवर पडताना म्हणतो, आजचा दिवस मिळाला. फुकट मिळणारी वस्तू नाही ती. फोंडेकरांनी 'दिवसाला म्हणत असावी' लिहिलंय ना, ते मला एकदम पटलं.

अनुस्वार | १ जानेवारी, १८:०२

दर्यासारंग यांच्या गळलेल्या बुधवारावरून आठवलं. ताई, तुमचं कॅलेंडर ज्या तारखेला थांबलं आहे, ती १४ ऑक्टोबर १५८२ साली पोर्तुगालमध्ये उजाडलीच नव्हती. जुन्या ज्युलियन पंचांगात दर वर्षाला काही मिनिटं जास्त धरली जात होती. ती साचत साचत वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस, दहा दिवस मागे सरकला होता आणि त्यावर ठरणारा ईस्टर चुकत होता. म्हणून पोप ग्रेगरी तेरावे यांनी दहा दिवस काढून टाकले. स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीच्या बऱ्याच भागात ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडली.

त्याच रात्री स्पेनमध्ये आविलाची संत तेरेजा वारली. तिचा सण १५ ऑक्टोबरला पाळतात. आणि १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये जे पाच जण संत म्हणून घोषित झाले, त्यांत ही तेरेजा होती आणि तुमचा गोंयचा सायबही होता. मांयला ही गोष्ट आवडली असती असं उगाच वाटलं.

आणखी एक, थोडं विषयाबाहेर. तुमच्या रायजवळच राशोल. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली तिथंच छापलं गेलं. १५७९ साली गोव्यात आलेला एक इंग्रज जेझुइट, आणि येशूची कथा त्यानं सांगितली ती मराठीत, ओवीत. वसईची सून रायमध्ये बसून आपल्या विश्वासाबद्दल मराठीत लिहिते आहे, याला त्या परिसरात चारशे वर्षांची वाट आहे.

गोडशेंप्रेमी | १ जानेवारी, १८:३०

अनुस्वार, तुमचे प्रतिसाद वाचायला मी रजा टाकत जाईन. :)

ताई, घरात लुत (दुखवटा) म्हणजे यंदा नाताळचा गोड दोदोल नाही, नेवऱ्या नाहीत?

माडाची_सावली | १ जानेवारी, १९:१५

@गोडशेंप्रेमी, आम्ही काही केलं नाही, पण टेबलावर ठेवायला जागा नाही एवढं शेजाऱ्यांनी आणून दिलंय. पलीकडच्या गल्लीतल्या वहिनी दिवाळीला पोहे देतात, नाताळला मांय त्यांना दोदोल द्यायची. यंदा त्यांनीच दोदोल करून आणला. पहिल्यांदाच केला होता, तळाला लागला होता, आणि त्या दारातच रडायला लागल्या. आम्ही तो सगळा खाल्ला.

पाटीपेन्सिल | २ जानेवारी, ७:५०

निवृत्त शिक्षक आहे, धर्मशिक्षणाचे वर्गही ३० वर्षं घेतले. बार्देशी बाय यांना दुखवायचं नाही, पण 'सर्व स्थितीत'वर सगळं भागत नाही. इफिसकरांच्या पत्रात तोच पौल सर्व गोष्टींबद्दल आभार माना, असंही लिहितो. ते वचन मी वर्गात कित्येक वर्षं गाळत होतो. मुलांनी विचारलं तर काय सांगू, ही भीती.

माझं उत्तर मला शेवटच्या भोजनात सापडलं. मिस्सेला ग्रीकमध्ये युखारिस्तिया म्हणतात, म्हणजे उपकारस्तुती. दर रविवारी आपण जो विधी करतो त्याचं नावच ते. आणि तो सुरू कधी झाला? ज्या रात्री येशूला धरून दिलं त्या रात्री. उद्या काय होणार ते त्याला माहीत होतं. त्यानं भाकर हातात घेतली, आभार मानले आणि मोडली. क्रुसाबद्दल 'बरं झालं' म्हणाला नाही. त्याच रात्री बागेत जाऊन 'हा प्याला माझ्यापासून टळो' असंही म्हणाला, आणि घाम रक्तासारखा पडेपर्यंत म्हणाला. आभार आणि गाऱ्हाणं, दोन्ही एका रात्रीत, एकाच तोंडून.

म्हणून ताई, 'अकरा दिवस थांबता आलं नसतं का' हे तुम्ही देवाला थेट विचारा. इथं आम्हाला विचारलंत, त्याला विचारलंत का?

शंकासूर, तुम्हालाही एक सांगतो. येशूनं दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, आभार मानायला एकच परत आला, आणि तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. तुम्ही नर्सेसची आठवण काढलीत तेव्हा मला तोच आठवला.

शंकासूर | २ जानेवारी, ९:१२

पाटीपेन्सिल सर, मत बदललं नाही, पण तुमची तुलना मी मान म्हणून घेतो. आई आजारी असताना मी एका नर्सला थँक्यू म्हणालो होतो. ती म्हणाली, "त्याचं काय एवढं." ते थँक्यू पुरं पडलं नाही हे तेव्हाही कळलं होतं. उरलेलं कुठे ठेवायचं ते मला अजून माहीत नाही. फोंडेकरांच्या 'करूं'ला देव सोडून काही पर्याय असेल तर सांगा, मी वापरीन.

फोंडेकर | २ जानेवारी, ९:४०

@शंकासूर, नुसतं 'बरें जांव' म्हणा. तेही चालतं आमच्याकडे.

तिसवाडीकर | २ जानेवारी, १३:२०

इतके प्रतिसाद झाले, पण ताईंना कुणी हे विचारलं नाही. तुम्ही स्वतः सायबाच्या दर्शनाला गेलात का? ५ तारखेला शव परत बासिलिकात नेणार. त्यानंतर दहा वर्षं नाही.

माडाची_सावली | २ जानेवारी, २१:४५

नाही गेले. मुलगा आणि नवरा डिसेंबरात जाऊन आले. मी डोकं दुखतंय म्हणाले. खरं सांगायचं तर राग आला होता. सायबाचा.

बार्देशी_बाय | २ जानेवारी, २२:१०

राग घेऊन जा. आमच्या म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीकडे (मरियामातेकडे) मी दोन वर्षं रागच घेऊन जात होते. शिरगावची लईराई देवी तिची बहीण मानतात. सणाला एकमेकींकडे तेल-फुलं धाडायचा मान सांगतात. बहिणी-बहिणींत रागरुसवे असतातच की. रुसलेलं माणूस दारात आलं तर कुणी परत पाठवत नाही.

तिसवाडीकर | २ जानेवारी, २२:३०

जाणार असाल तर शनिवारी पहाटे निघा, शेवटच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसेल. पाण्याची बाटली आणि छत्री घ्या. से कॅथेड्रलपाशी ऊन टाळकं भाजतं. आणि चप्पल सवयीची घाला.

रानजाई | ३ जानेवारी, ८:०५

सगळं वाचलं. मी हिंदू, सत्तरी तालुक्यातली. आमच्या आजोबांच्या खोलीतलं घड्याळ ते गेल्यावर कुणी चावी दिली नाही म्हणून बंद पडलं. पाच वर्षांनी माझ्या भाचीनं न विचारता चावी दिली. ठोके पडले तेव्हा आम्ही सगळे स्वयंपाकघरातून धावत आलो. रागावायला आलो होतो. कुणी रागावलं नाही.

ताई, पान तुम्हीच फाडायला हवं असं नाही. घरात लहान कुणी आहे ना?

माडाची_सावली | ७ जानेवारी, २१:२०

सगळ्यांना एकत्रच लिहिते.

शनिवारी गेले. पायात मांयची नवी चप्पल होती. सवयीची घाला हे तिसवाडीकरांनी बजावलं होतं तरी. टाच सोलली. रांगेत साडेतीन तास. माझ्यापुढे काणकोणहून एकटीच आलेली एक म्हातारी, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत घडी केलेला रेनकोट, जानेवारीत. तिनं विचारलं, कितवें? मला आधी कळलं नाही. मग कळलं. म्हणाले, माझं दुसरं, पण आज मी माझ्या मांयचं आठवं करायला आलेय. ती म्हणाली, "म्हजेंय आठवें." पुढची रांग आम्ही हात धरून सरकलो. तिला पाणी दिलं तेव्हा ती म्हणाली, देव बरें करूं, बाये.

सायबासमोर उभं राहायला काही क्षणच मिळतात, मागून लोक सरकत असतात. पाटीपेन्सिल सर, मी विचारलं. मोठ्यानं नाही, पण ओठ हलवून विचारलं, अकरा दिवस का नाही? उत्तर काही आलं नाही. मांयची तेर्साची माळ काचेला लावली आणि पुढे झाले. बाहेर आल्यावर झाडाखाली बसून रडले, नोव्हेंबरपासून पहिल्यांदा. ती काणकोणची बाई शेजारी बसून बिस्किटं खात होती, मलाही देत होती.

काल तीन राजांचं फेस्त. संध्याकाळी आल्तारावरचा गोठा उतरवला आणि मुलाला म्हटलं, कॅलेंडर आण. तो १२ वर्षांचा आहे. १४ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर, ७९ पानं. आम्ही एकेक करून फाडली, आणि प्रत्येक दिवशी काय झालं होतं ते आठवायचं ठरवलं. पुष्कळ दिवस आठवलेच नाहीत. १९ ऑक्टोबर आठवला, त्या दिवशी मांयनं इस्पितळात अर्धी वाटी पेज खाल्ली होती. २३ला एका नर्सनं तिचे केस विंचरून दोन वेण्या घातल्या होत्या, शाळेतल्या पोरीसारख्या, आणि मांय हसली होती. ३० ऑक्टोबरला नवऱ्याच्या मित्रानं रात्री दोन वाजता रक्त दिलं. मुलगा दर वेळी 'देव बरें करूं' म्हणत होता, मी त्या-त्या माणसाचं नाव घेत होते. १० नोव्हेंबरचं पान त्यानं फाडलं, काही म्हणाला नाही, घडी घालून खिशात ठेवलं. मीही काही म्हणाले नाही. फोंडेकर, त्या पानाला म्हणायचा शब्द मला अजून सापडलेला नाही, आणि तो शोधायची मला घाईही नाही.

आधीची फाडलेली पानं मांयनं बिस्किटाच्या डब्यात ठेवली होती. सगळ्यात वर १३ ऑक्टोबर. पाठीवर तिच्या रोमी अक्षरात: ६ उंडे, ४ पोयो, बाकी ३० रुपये. आम्ही इस्पितळात होतो ते सत्तावीस दिवस पोदेर रोज फाटकाला पाव अडकवून जात होता. त्या पावांचे पैसे नवऱ्यानं नंतर दिले, पण हे जुने तीस रुपये आम्हाला माहीतच नव्हते, आणि त्यानं कधी मागितले नाहीत. आज सकाळी त्याचा भोंपू वाजला तेव्हा पान हातात घेऊनच बाहेर गेले. त्यानं अक्षर बघितलं, सायकल स्टँडवर लावली आणि टोपी काढली. पैसे घेत नव्हता. मी म्हटलं, घे, मांयला बाकी ठेवलेली आवडायची नाही.

आत्ताच तेर्स झाला. नव्या कॅलेंडरचं आजचं पान मुलानं फाडलं आणि मला न विचारता पाठीवर लिहिलं: ६ उंडे, २ पोयो, पैसे दिले.